जुन्या मोटारीचा मूळ पाठ

इचलकरंजीचं नाव निघालं की लोकांना माग आठवतो. ते बरोबरच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या धंद्याला आसरा दिला आणि पुढच्या काळात गावाला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ असं नाव पडलं. पण याच गावातल्या एका माणसानं स्वतःच्या डोक्यानं आणि स्वतःच्या हातानं मोटार बनवली होती, हे गावातल्या तरुण पोरांनाही बहुधा ठाऊक नसतं.

त्यांचं नाव शंकरराव कुलकर्णी. शिक्षण सातवीपर्यंत. १९४९ साली त्यांनी आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. १९५१ साली तिची रीतसर नोंदणी झाली आणि तिला एमएचके १९०६ हा नंबर मिळाला. गाडीचं नाव ‘मीरा’. इंजिन मागच्या बाजूला. पोलादी पाट्यांच्या जागी रबराचं सस्पेन्शन, म्हणजे सुटे भाग कमी, वजन कमी आणि खर्चही कमी. लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास पळणारी, सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी करायची, हा त्यांचा ध्यास होता. १९६०च्या सुमारास त्यांनी पुढचा नमुना केला, १९७०च्या सुमारास आणखी एक, आणि १९७५पर्यंत हे काम चालूच होतं. तेव्हा बारा हजार रुपयांत ही गाडी देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. पण परवाने, कर आणि भांडवल यांच्या जंजाळातून मीरा कधी कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि छोट्या गाडीचा इतिहास देशानं तिथूनच मोजायला सुरुवात केली.

आज मला मीरेची हळहळ सांगायची नाही, ती पुष्कळांनी सांगून झाली आहे. मला एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. समजा, उद्या इचलकरंजीच्या कुणा हौशी माणसानं ठरवलं, की मीरा पुन्हा उभी करायची, अगदी मूळ होती तशी. पैसे आहेत, जागा आहे, मिस्त्री आहेत. तर ते काम होईल का?

मी कवितेचा माणूस, पाना-पकडीचा नाही. पण इचलकरंजीत राहून यंत्राशी परकं राहता येत नाही, आणि ‘मूळ’ या शब्दाशी कवीचा संबंध मिस्त्रीइतकाच जवळचा असतो. म्हणून या प्रश्नात मला गोडी वाटली.

पहिली अडचण पहिल्याच पावलावर येते. कुठली मीरा? १९४९ची, की १९७०ची, की १९७५ची? शंकररावांनी प्रत्येक वेळी गाडी सुधारली. आधीचं चुकलेलं बदललं. कारखान्यात बनलेल्या गाडीची गोष्ट वेगळी असते. तिचे आराखडे असतात, सुट्या भागांचं छापील पुस्तक असतं, कोणत्या वर्षी कुठला दिवा बसवला याची नोंद असते. एकासारख्या हजारो गाड्या बनलेल्या असतात, त्यामुळं एकीचं हरवलेलं दुसरीत सापडतं. हातानं बनलेल्या एकट्यादुकट्या गाडीला असं भावंड नसतं. तिचं पुस्तक म्हणजे बनवणाऱ्याचं डोकं. ते डोकं गेलं की पुस्तक गेलं.

जुनी मोटार मूळ स्थितीत आणणं म्हणजे काय, हे मी १९९०च्या सुमारास, बी. ए.ला असताना, जवळून पाहिलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. त्याच्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. कुणा बागायतदाराच्या वाड्यातून स्वातंत्र्यापूर्वीची एक मॉरिस त्यांच्याकडं आली होती. बैलगाडीवर घालून आणली होती. मला वाटलं, चाचा आता हातोडी घेऊन बसतील. चाचांनी आधी वही मागवली. मग बिस्किटांचे रिकामे डबे मागवले. एकेक बोल्ट सुटला की तो एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि वहीत त्या नंबरापुढं तो कुठून काढला त्याचं चित्र. चाचांचं अक्षर यथातथाच होतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी एकदा कंटाळून म्हणालो, “चाचा, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. लिहायचं कशाला?” तर म्हणाले, “लेका, उघडताना लिहिलं न्हाईस, तर जोडताना रडशील. आन मी नसलो, तर माझ्यामागनं जोडणारा रडंल.”

त्या बोल्टांमध्येच मला पहिल्यांदा इतिहास दिसला. बोल्टाला आटे असतात. इंग्रजांचे व्हिटवर्थ आटे वेगळे, अमेरिकनांचे वेगळे, फ्रेंच-जर्मनांचे मिलिमीटरचे वेगळे. अर्ध्या इंचाचा बोल्ट घेतला, तर साध्या व्हिटवर्थमध्ये एका इंचाच्या लांबीत बारा आटे बसतात, अमेरिकन पद्धतीत तेरा. डोळ्यांना फरक कळत नाही. जोर करून बसवला की दोन्हीकडचे आटे मरतात. जुन्या मॉरिसच्या पुष्कळ इंजिनांत तर आणखी एक गंमत आहे. बोल्टाचं डोकं इंग्रजी पान्याचं, पण आटे मिलिमीटरचे! कारण पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीनं इंग्लंडात कोव्हेंट्रीला कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तिथं मॉरिससाठी इंजिनं होऊ लागली. यंत्रं फ्रेंच मापाची होती, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पाना इंग्रजी होता. म्हणून डोकं एका देशाचं आणि धड दुसऱ्या देशाचं. १९२३ साली मॉरिसनं तो कारखानाच विकत घेतला, तरी आटे तेच राहिले. आता कुणी सोय म्हणून बाजारातला नवा बोल्ट बसवला, तर गाडी चालेल. पण त्या बोल्टासोबत एका महायुद्धाची आठवण पुसली जाईल.

गॅरेजची भाषाही अशीच ठिकठिकाणच्या भागांची जुळणी आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘चावी’ही त्यांचीच. ‘उस्ताद’ फारसीतून आला. ‘हातोडी’ आणि ‘कानस’ घरच्याच. आणि या सगळ्यांवर राज्य करणारा शब्द इंग्रजी: ‘ओरिजिनल’. माल ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, या एका प्रश्नावर गॅरेजातली निम्मी भांडणं होतात. पण जुन्या मोटारीच्या बाबतीत हा शब्द वाटतो तितका सरळ नाही.

रंगाचंच घ्या. १९२०च्या आधी मोटारीला वार्निशाचे थर देत. एकेक थर वाळायला दिवस लागत, सगळं काम व्हायला आठवडे. १९२३-२४मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ नावाचा रंग मोटारींवर आला. तो फवाऱ्यानं मारता येई आणि काही तासांत वाळे. आपल्याकडं कपाटाला फवाऱ्यानं रंग मारला तरी आजही ‘ड्युको मारला’ म्हणतात, ते इथून. त्या रंगाची चमक थोडी मऊ होती, घासून आणावी लागे. आज जुनी गाडी नवी करताना दोन डब्यांचा आधुनिक रंग मारतात. तो आरशासारखा चमकतो. लोक वाहवा करतात. पण ती गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाही इतकी चमकत नव्हती. म्हणजे ती मूळ स्थितीला आली नाही, मूळ स्थितीच्याही पुढं निघून गेली.

लाकडाचं तसंच. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांची बॉडी म्हणजे आत लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. आपल्या हवेत त्या लाकडाला वाळवी लागते. मोटारीला वाळवी लागते, हे ऐकून हसू येतं, पण वाडवडिलांची गाडी उघडून पाहणाऱ्याला रडू येतं. पत्रा काढल्याशिवाय सुतारकाम करता येत नाही, आणि काढलेला पत्रा पुन्हा तसाच बसत नाही. वीस वेळा लावून पाहावा लागतो. ज्याला एवढी सबुरी नसते, तो खड्ड्यात लांबी भरतो आणि वरून रंग मारतो.

बेअरिंगांचं बघा. आज बेअरिंगचे तयार तुकडे दुकानात मिळतात. जुन्या इंजिनांत व्हाइट मेटल वितळवून थेट जागेवर ओतत आणि मग शाफ्ट फिरवून, कुठं घासतं ते पाहून, हातानं खरवडून बसवत. हे काम पुस्तक वाचून येत नाही. बोटांना यावं लागतं.

एवढं सगळं सांगितल्यावर कुणालाही वाटेल, की सुटे भाग मिळत नाहीत हीच खरी अडचण. मला तसं वाटत नाही. निदान आपल्या भागात तरी नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजी हा फाउंड्रीचा मुलूख आहे. लाकडी पॅटर्न करून द्या, वाळूत साचा होतो, भट्टीतून ओतीव भाग निघतो, लेथवर तो मापाला येतो. शेतीची डिझेल इंजिनं आणि मागाचे सुटे भाग करता करता या मुलखानं ही विद्या कमावली. वर्षानुवर्षं चाललेल्या मागाचा एकेक भाग बदलून तो चालू ठेवणारा आमचा जॉबर जगातल्या कुठल्याही मिस्त्रीच्या तोडीचा आहे. भाग बनवणं आपल्याला जड नाही. तो भाग मुळात कसा होता, हे कळणं जड आहे.

मीरेचं उदाहरण घ्या. तिच्या गुणांत सगळ्यात कल्पक होतं ते रबराचं सस्पेन्शन. आणि जुन्या गाडीत सगळ्यात आधी मरतं ते रबरच. लोखंड गंजलं तरी त्याचा आकार कळतो. रबर कडक होतं, भेगाळतं, त्याचा भुगा होतो. त्याची लवचीकता किती होती, मिश्रण कुठलं होतं, किती वजनाला ते किती दबायचं, हे राखेवरून अन्नाची चव सांगण्यासारखं आहे. एखादा आजचा अभियंता हिशेब करून नवं रबर बसवेल, गाडी झकास चालेलही. पण ते रबर शंकररावांचं नसेल, त्या अभियंत्याचं असेल. ज्या कल्पनेसाठी ही गाडी जपायची, नेमकी तीच कल्पना आपण अंदाजानं भरली, असं होईल.

मग ‘मूळ’ कशाला म्हणायचं? हा प्रश्न इंग्लंडात एकदा थेट न्यायालयात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली कंपनीची शर्यतीची गाडी होती. फ्रान्समधली ले माँची चोवीस तासांची शर्यत तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. पुढं तिच्यात बदल होत गेले. इंजिन बदललं, बॉडी बदलली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक ठार झाला, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. १९९०मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला आणि घेणाऱ्यानं हात आखडला. त्याचं म्हणणं, १९२९ची गाडी हिच्यात उरलीच कुठं? न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढं खटला चालला. एकेका भागाची वंशावळ तपासली गेली. १९२९चं फारच थोडं उरलं होतं, हे दिसलं. तरीही निकाल असा लागला, की ही अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे. कारण तिच्या आयुष्यात खंड पडला नव्हता. ती कधी नाहीशी होऊन दुसरी उभी राहिली नव्हती. एकच गाडी बदलत बदलत आली होती, आणि तिचा प्रत्येक बदल कागदावर होता.

यातली शेवटची गोष्ट मला मोलाची वाटते. जुने भाग उरले नव्हते, तरी नोंदी उरल्या होत्या. त्यांनीच गाडीला वाचवलं.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. १९२५ची एक बुगाटी मोटार १९३६ साली स्वित्झर्लंडच्या हद्दीत मॅजिओरे सरोवरात बुडवली गेली. जकातीची थकबाकी हे त्याचं कारण सांगतात. तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी, २००९मध्ये, ती बाहेर काढली. एक बाजू गंजून चाळण झालेली. पुढच्याच वर्षी लिलावात ती दोन लाख साठ हजार युरोंना गेली. कॅलिफोर्नियातल्या मलिन संग्रहालयासाठी ती घेतली गेली आणि तिथं तशीच, गंजलेली, मांडून ठेवली गेली. संग्रहालयाच्या मालकाला पैशाची कमी नव्हती. नवी करणं सहज शक्य होतं. पण नवी केली असती, तर जगातल्या अनेक चकचकीत बुगाटींत आणखी एकीची भर पडली असती, आणि सरोवराच्या तळाची त्र्याहत्तर वर्षं कायमची गेली असती.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा फिवा नावाचा महासंघ आहे. त्यानं २०१२मध्ये ‘ट्युरिनची सनद’ मंजूर केली. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसला जी सनद झाली होती, तिचाच हा मोटारींसाठी काढलेला धडा. त्यातलं मुख्य सूत्र थोडक्यात असं: आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हाच नवं करा. जे नवं केलं ते नवं म्हणून ओळखू येईल अशी नोंद ठेवा.

आपल्या सरकारनंही २०२१च्या जुलैमध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळाली. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधी नोंदणी झालेल्या गाडीला मात्र तिचा जुना नंबर ठेवता येतो, ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटली. एमएचके असा जुना नंबर पाहिला की आमच्या पिढीच्या माणसाला तो काळच आठवतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला न्यायची. एवढं झालं. पण ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवायला लागणारे कागद गाडीमालकाकडं नसतील तर नियम तरी काय करणार?

मित्रहो, हा प्रश्न मोटारींबरोबर जन्माला आला असं समजू नका. मराठी भाषेनं तो साडेचारशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती. नक्कल करणाऱ्याचा हात चुके, कुणाला एखादा शब्द जुना वाटे म्हणून तो बदले, कुणी भक्तिभावानं स्वतःची ओवी घुसवी. एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती समोर ठेवून ती शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावलं, की यात आपली ओवी घालू नका. केवढे मोठे कवी ते! भागवतावर हजारो ओव्या लिहिणाऱ्या माणसाला चार ओव्या घालणं काय कठीण होतं? पण त्यांनी आपला हात आवरला. जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याला कसब लागतंच, त्याहून जास्त हा संयम लागतो. आणि तरीही वाद संपला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची वेगळी जुनी प्रत छापली आणि मूळ पाठ कोणता यावर विद्वानांची जुंपली. वाद झाला हे चांगलंच झालं. प्रती शिल्लक होत्या म्हणून तो होऊ शकला. प्रत नसेल तर वादही होत नाही, नुसती दंतकथा उरते.

कोल्हापूरच्या दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटण्याच्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. राजाराम महाराजांच्या काळातली ही भगव्या रंगाची गाडी. मेबॅक हा जर्मन कारखाना. त्यांचा पहिला धंदा झेपेलिन वायुनौकांच्या इंजिनांचा. १९२१पासून त्यांनी मोटारी काढल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला थांबवल्या. सगळ्या मिळून दोन हजारही झाल्या नाहीत. कारखाना इंजिन आणि चेसिस बनवी, बॉडी बहुधा बाहेरचे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणं बांधत. अशा गाडीत ‘मूळ’ काय शोधायचं? जर्मन कारखान्याचं, बॉडी बांधणाऱ्याचं, की महाराजांच्या मर्जीचं? माझ्या मते तिन्ही. ती जर्मनीत राहिली असती तर एक महागडी मोटार राहिली असती. भगव्या रंगात, दसऱ्याच्या गर्दीत ती कोल्हापूरची झाली. हा वापर हासुद्धा तिच्या मूळ पाठाचाच भाग आहे.

इथं एक योगायोग सांगतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच साली इचलकरंजीत मीरेचा पहिला नमुना तयार झाला. एकीकडं संस्थान संपलं, आणि दुसरीकडं सातवी शिकलेला एक माणूस सामान्यांसाठी गाडी बनवू लागला. राजाची मोटार जपली गेली, कारण तिच्यामागं घराणं होतं, वाडा होता, दरवर्षीचा दसरा होता. मिस्त्रीच्या मोटारीमागं काय असतं? एखादी शेड, एखादी ट्रंक, तीत थोडे कागद. इतिहासाच्या दृष्टीनं दोन्ही गाड्या सारख्याच मोलाच्या आहेत. जपणुकीच्या दृष्टीनं मात्र नाहीत.

जुनी गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही, ती अधूनमधून चालवावी लागते, नाहीतर इंजिन धरतं. पण चालवायची कशावर? १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. माणसांच्या फुप्फुसांसाठी ते फार चांगलं झालं, पण शिशाच्या आधारानं टिकणाऱ्या जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्हना जपावं लागू लागलं. आता २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि आपल्या भागात ते उसाच्या मळीतून निघतं. काही जुन्या कार्ब्युरेटरांत बुचाच्या लाकडाचा तरंगणारा तुकडा असतो आणि त्यावर लाखेचा मुलामा असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणजे कोल्हापूरच्या उसाचा रस कोल्हापूरच्याच जुन्या मोटारीच्या पोटात बाधतो! यात दोष उसाचा नाही. काळ बदलतो तसा जुन्या वस्तूला सांभाळणाऱ्याचा व्यापही वाढतो, इतकंच.

आता पुन्हा मीरेकडं येतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मीरेसारखी दिसणारी गाडी उद्याही बनेल. आमच्या फाउंड्र्या आणि आमचे मिस्त्री ती सहा महिन्यांत उभी करतील. पण मूळ मीरा उभी करायची असेल, तर कामाची सुरुवात गॅरेजात होणार नाही. ती माळ्यावरच्या ट्रंकांत होईल. जुने फोटो, पेन्सिलनं काढलेली चित्रं, खरेदीच्या पावत्या, सरकारशी झालेला पत्रव्यवहार, नोंदणीचे कागद, ज्यांनी ती गाडी पाहिली, ढकलली, चालवली त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. यातलं जेवढं सापडेल तेवढीच मूळ मीरा सापडेल. जिथं पुरावा संपेल तिथं हात थांबवावा लागेल, आणि पुढचं जे केलं ते आपलं, असं प्रामाणिकपणे लिहून ठेवावं लागेल.

हे एका मीरेपुरतं नाही. आपल्या जिल्ह्यात हातानं बनवलेली, सुधारलेली, जुळवलेली किती यंत्रं होती! रसाचे घाणे, इंजिनं, माग, छापखान्याची यंत्रं. ती एकेक करून भंगारात जातात. भंगारवाला किलोवर घेतो, त्याची चूक नाही, त्याला लोखंडच दिसणार. सगळी यंत्रं ठेवायला जागा कुणाकडं आहे? पण भंगारात घालण्याआधी एक दिवस थांबून त्याचं माप घेता येतं, चित्र काढता येतं, फोटो घेता येतो, चालवणाऱ्याचं म्हणणं ध्वनिमुद्रित करता येतं. इचलकरंजीच्या जुन्या राजवाड्यात आज डीकेटीईचं अभियांत्रिकी महाविद्यालय भरतं. तिथली, कोल्हापूरची, सांगलीची पोरं प्रकल्पासाठी दरवर्षी विषय शोधत असतात. गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीपाशी आठ दिवस बसा आणि त्याच्या यंत्राचा आराखडा कागदावर आणा, हा विषय त्यांना कुणी देईल का?

चाचांची ती मॉरिस पुढं सुरू झाली. तिच्या मालकानं ती विकली आणि आज ती कुठं आहे, मला माहीत नाही. चाचाही आता नाहीत. पण ती वही ज्या हातात पडली असेल, त्या माणसाला एक बोल्टसुद्धा अंदाजानं लावावा लागणार नाही. वहीतलं अक्षर माझं आहे, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही. माझ्या कवितांच्या पुस्तकांबद्दल असं मला म्हणता यायचं नाही, पण त्या वहीचा मला त्यांच्याइतकाच अभिमान वाटतो.